पत्र्याचं पाणी तुमचं, ओढ्याचं नाही

पावसाचं पाणी साठवायला टाकी घ्यायच्या आधी छपराचा पत्रा मोजा. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. 100 चौरस मीटरचं छप्पर आणि 500 मिलिमीटर पाऊस धरला तर 50 हजार लिटर. गळती-उडती जाता 40 हजार धरा. पहिल्या सरीचं पाणी टाकीत घेऊ नका. त्यात वर्षभराची धूळ आणि कबुतरांची कृपा असते.

आता शेतातून जाणाऱ्या ओढ्याबद्दल. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार ठरावीक प्रवाहात न वाहणारं, जमिनीवर पडलेलं पाणी मालकाला आपल्या हद्दीत अडवता येतं. ओढा मात्र ठरावीक प्रवाह. तिथं विचारल्याशिवाय बांध घातलात, की खालचा शेतकरी दारात आलाच म्हणून समजा. शेततळ्याचा सांडवाही, म्हणजे भरून वाहणारं पाणी, शेजाऱ्याच्या बांधावर सोडू नका. मी सोडला होता. त्याची माती वाहून गेली, आणि पुढची दोन वर्षं आमचं बोलणं बंद!

विहीर सामाईक असेल तर सातबाऱ्यावर हिस्सा लिहिलाय का ते आधी बघा. पाणी घ्यायच्या पाळ्या तोंडी ठेवू नका, कागदावर घ्या. भावकीत तर नक्कीच घ्या.

आणि एकदा पुरंदरमधल्या नायगावची पाणी पंचायत समजून घ्या. विलासराव साळुंखे यांनी तिथं पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटलं. भूमिहीनांनाही वाटा, उसाला बंदी. मला ते आधी अव्यवहारी वाटायचं. आता नाही वाटत.