‘तो’, ‘ती’ आणि तिरप्या रेघा

प्रश्न : ‘भाषा सर्वसमावेशक करावी’ असा शेरा मारून एका नियतकालिकाने माझा शोधनिबंध परत पाठवला आहे. ‘प्रत्येक सहभागी आपले मत त्याच्या शब्दांत मांडतो’ अशा वाक्यांखाली रेघा ओढल्या आहेत. सगळीकडे ‘तो/ती’, ‘मांडतो/मांडते’ असे केले, तर वाक्य वाचवत नाही. जुन्या ग्रंथांतून घेतलेल्या उताऱ्यांतील शब्दही बदलायचे का?

उत्तर : तिरप्या रेघा मुळीच नकोत. मराठीत सर्वनामाबरोबर क्रियापदही लिंगानुसार बदलत असल्यामुळे एकेका वाक्यात अशा तीन-तीन रेघा साचतात, आणि स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणारी व्यक्ती तरीही बाहेरच राहते. इंग्रजीतील एकवचनी ‘दे’ला (they, म्हणजे एकाच व्यक्तीसाठी वापरलेले लिंगनिरपेक्ष सर्वनाम) अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या (एपीए) लेखननियमावलीने २०१९च्या सातव्या आवृत्तीत मान्यता दिली, पण तो तोडगा आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण आपल्याकडे आदरार्थीही ‘ते म्हणाले’ आणि ‘त्या म्हणाल्या’ असा भेद उरतोच. मराठीची स्वतःची सोय मात्र हाताशी आहे. ‘प्रत्येक सहभागीने आपले मत स्वतःच्या शब्दांत मांडले’ असे लिहिले, की क्रियापद ‘मत’ या कर्माप्रमाणे चालते आणि कर्त्याच्या लिंगाचा प्रश्नच उद्भवत नाही. (तुमच्या वाक्यातील ‘त्याच्या’ तसेही मराठीला खटकणारेच होते.)

तथापि समावेशकतेच्या भरात अचूकता सोडू नये. पाहणीत केवळ मुलगेच असतील, तर ‘विद्यार्थी’ असे मोघम न लिहिता ‘मुलगे’ असेच लिहावे. अन्यथा निष्कर्ष मुलींनाही लागू असल्याचा भास होतो. हाच न्याय ‘लिंग’ आणि ‘लिंगभाव’ या शब्दांना लावावा : शरीररचनेविषयी बोलताना पहिला, ओळख आणि सामाजिक भूमिका यांविषयी बोलताना दुसरा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समितीही हा भेद पाळण्यास सांगते.

‘व्हीलचेअरला खिळलेला रुग्ण’ ही शब्दयोजना तर वस्तुस्थितीलाच धरून नाही, कारण त्या खुर्चीमुळेच ती व्यक्ती हिंडूफिरू शकते. ‘व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती’ असे लिहावे. ज्या समूहाविषयी लिहायचे, तो स्वतःसाठी कोणता शब्द वापरतो, हे लेखनापूर्वी विचारून घ्यावे.

उताऱ्यांना मात्र हात लावू नये, कारण मूळ शब्द हाच तेथे पुरावा असतो. आवश्यक वाटल्यास तळटीपेत त्याचा काळ व संदर्भ सांगावा. तोच शब्द अवतरणचिन्हे गाळून तुमच्या विवेचनात येऊ नये, एवढे पाहावे.