जुन्या मोटरसायकलचा हेडलाइट मंद पडतो, १००/९० वॅटचा बल्ब घालू की एलईडी?

गाडी जुनी आहे, रात्री रस्ता नीट दिसत नाही, मग जास्त वॅटचा बल्ब घालावा की सरळ एलईडी, आणि हे काम घरी जमेल का, असं तुम्ही विचारलंय. घरी नक्की जमेल. पण नवा बल्ब आणायच्या आधी आत्ताच्या बल्बला पुरेसं व्होल्टेज मिळतंय का ते तपासा. जुन्या गाड्यांत उजेड बहुतेक करून वायरिंगमध्येच जिरलेला असतो.

इंजिन चालू ठेवा, डिपर (जवळचा, खाली पडणारा लाइट) लावा आणि मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या दोन टोकांवर, मग होल्डरच्या मागून बल्बच्या पिनांवर डीसी व्होल्ट मोजा. मोजताना बल्ब पेटलेला हवा. बल्ब काढून मोजलंत तर आकडा छान येईल आणि तुम्ही फसाल, कारण करंट वाहत नसताना व्होल्टेज पडतच नाही. दोन आकड्यांत अर्ध्या व्होल्टपर्यंत फरक असला तर चालेल. त्याहून जास्त असेल तर आधी तो दुरुस्त करा. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घाताने बदलतो, म्हणजे व्होल्टेज १० टक्के पडलं की उजेड जवळपास ३० टक्के जातो. अशा गाडीत कितीही भारी बल्ब घाला, तो पिवळाच जळणार.

मी सुरुवात नेहमी अर्थपासून, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परतण्याच्या वाटेपासून करतो. मीटरची एक पिन होल्डरच्या अर्थवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. इथे जवळपास शून्य दिसायला हवं. अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थचा बोल्ट खोला, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करा आणि परत आवळा. एवढ्यानेच उजेड वाढलेला मी बऱ्याच गाड्यांत पाहिलाय. त्यानंतर हँडलवरच्या अप्पर-डिपर स्विचचे काळवंडलेले पॉइंट साफ करा. होल्डरचं प्लास्टिक तपकिरी पडलं असेल किंवा पिना सैल झाल्या असतील तर होल्डर बदलूनच टाका.

तरीही व्होल्टेज पडत असेल तर रिले (थोड्या करंटवर चालू होऊन मोठा करंट सोडणारा स्विच) बसवा. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज लावून जाड वायर थेट रिलेवर आणायची, तिथून बल्बवर न्यायची. अप्परला एक रिले, डिपरला एक. जुना स्विच मग फक्त रिले चालू करण्यापुरता उरतो, त्याचे पॉइंटही टिकतात. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा, नाहीतर वाटेत वायर सोलली गेली तर आग लागू शकते.

एक गोष्ट मात्र आधी पाहून घ्या. इंजिन बंद असताना हेडलाइट लागतच नाही आणि ॲक्सिलरेटर वाढवला की उजेड वाढतो, असं असेल तर तुमचा लाइट बहुधा बॅटरीवर नसून थेट इंजिनवर वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या एसीवर चालतो. मीटर एसीवर ठेवलात की खात्री होईल. अशा गाडीत वरचा रिले चालणार नाही, आणि साधा एलईडी लुकलुकेल किंवा जळेल. त्यासाठी आधी पूर्ण वायरिंग डीसी करून घ्यावं लागतं, ते जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करा.

आता बल्ब. बल्बचे दोन प्रकार दिसतात: एचएस१ म्हणजे ३५/३५ वॅट आणि एच४ म्हणजे ६०/५५ वॅट (पहिला आकडा अप्परचा, दुसरा डिपरचा). दोन्ही दिसायला सारखे, पण १३.२ व्होल्टला एचएस१चा डिपर सुमारे ५२५ ल्युमेन (उजेडाचं माप) देतो आणि एच४चा सुमारे १०००. म्हणून लोक कानस मारून एचएस१च्या जागी एच४ बसवतात. कॉइल, वायर आणि रिफ्लेक्टर तेवढ्यासाठी बनवलेले नसतील तर बॅटरी उतरत जाते आणि होल्डर वितळतो. १००/९०चा विचार तर सोडूनच द्या, तो १२ व्होल्टला आठ अँपियरच्या वर ओढतो. गाडीत जो प्रकार आहे त्याच वॅटचा, चांगल्या कंपनीचा, साध्या पारदर्शक काचेचा बल्ब घ्या. निळसर काचेचा नको. तो पांढरा दिसतो, पण काचेचा रंगच थोडा उजेड खातो.

बसवताना इग्निशन बंद करा, बल्ब गार होऊ द्या. डूम (हेडलाइटचं कवच) काढा, होल्डर ओढा, रबराची टोपी आणि स्प्रिंग क्लिप सोडवा. नव्या बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तापून तेवढ्या जागी काच फुटू शकते. लागलंच तर स्पिरिटने पुसा. डिपरच्या फिलॅमेंटखाली धातूची छोटी वाटी दिसेल, तीच उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर पाडते आणि तिथून तो खाली रस्त्यावर येतो. ही वाटी खालच्या बाजूलाच राहिली पाहिजे. बल्बचे कान खाचांत नीट बसल्याशिवाय क्लिप लावू नका. रिफ्लेक्टर आतून काळा पडला असेल तर पुसत बसू नका, चकाकणारा थर फडक्याबरोबर निघून येतो. तो बदलावाच लागतो.

एलईडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये नको. चिप बरोबर फिलॅमेंटच्या जागी नसेल तर उजेड विखुरतो, चाकापुढे लख्ख पडतो, लांबचं दिसत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपतात. अनेक ठिकाणी ते नियमातही बसत नाही. एलईडीच हवा असेल तर रिफ्लेक्टर-लेन्ससकट मान्यताप्राप्त पूर्ण युनिट घ्या.

शेवटी फोकस लावा. टायरमध्ये योग्य हवा भरा, सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर गाडी सरळ उभी करा आणि कुणाला तरी सीटवर बसवा. डिपरच्या उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली यायला हवी. मागे नेहमी कुणी बसत असेल तर त्यांनाही बसवूनच लावा, कारण मागचं वजन वाढलं की पुढचा उजेड वर उचलला जातो.