सौर दिव्यांसाठी मुदत ठेव मोडू का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना आहे आणि आवारात १५० वॅटचे सहा हॅलोजन आहेत. कामगार साडेपाचला जाताना ते लावतात, सकाळी साडेसातला येणारा बंद करतो. सुट्टीच्या दिवशी मात्र ते भर उन्हातही जळत राहतात. विक्रेत्याने अंधार पडताच आपोआप लागणारे सहा सौर दिवे ५४,००० रुपयांना सांगितले आहेत आणि 'चौदा महिन्यांत वसूल' म्हणतोय. त्यासाठी मुलीच्या फीची मुदत ठेव मोडायची का, असं तुम्ही विचारलंय.

मोडू नका.

विक्रेत्याचं गणित खोटं नाही. ९०० वॅट, रोज चौदा तास, म्हणजे १२.६ युनिट. तुमच्या बिलावर सगळे आकार धरून युनिट दहा रुपयांना पडतं. वर्षाचे झाले साधारण ४६,०००. पण त्याने तुलना हॅलोजनशी केली, आणि हॅलोजन तर तुम्हाला काढायचेच आहेत. त्यांच्या जागी ३० वॅटचे एलईडी लावले आणि ते फक्त अंधारात, सरासरी बारा तास जळले, तर वर्षाला ७,९०० रुपयांची वीज लागते. सौर दिवे फार तर एवढेच वाचवणार. म्हणजे ५४,००० वसूल व्हायला जवळपास सात वर्षं, आणि तोवर बॅटरी एकदा तरी बदलावी लागेल.

तुमच्या इलेक्ट्रिशियनने सहा एलईडी, अंधार पडला की दिवे लावणारा आणि उजाडलं की विझवणारा एक सेन्सर आणि मजुरी मिळून ७,००० सांगितलेत. तेवढे अडीच महिन्यांच्या आत बिलातूनच सुटतील. ठेवीला हात लावायची वेळच येत नाही.

यातली जवळजवळ सगळी बचत एलईडीची आहे, हेही सांगायला हवं. सेन्सर रोजचे दोन तास आणि सुट्टीचा दिवस वाचवतो, वर्षाला सव्वादोन हजारांच्या आसपास. पण तो ४०० रुपयांचा आहे, म्हणून घ्याच. टायमरपेक्षा मला तो बरा वाटतो. सोलापुरात नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि जुलैत सातनंतर, त्यामुळे टायमरची वेळ सारखी बदलत बसावी लागते. सेन्सरमधल्या छोट्या चकतीचा विद्युतरोध उजेड कमी होईल तसा वाढतो आणि ठरावीक अंधार झाला की त्यातली रिले, म्हणजे विजेवर चालणारं आपोआपचं बटण, दिवे जोडते. घड्याळाचा संबंधच नाही.

सहाही दिव्यांना एकच सेन्सर पुरतो. सगळे मिळून १८० वॅट, म्हणजे एक अँपिअरही नाही. फक्त सगळे दिवे एकाच लाइनवर आहेत ना, ते आधी बघून घ्या. सेन्सर दिव्याच्या उजेडात येईल असा बसवू नका, नाहीतर दिवा लागला की त्याला दिवस उजाडल्यासारखं वाटतं आणि रात्रभर उघडझाप चालते. बसवून झाल्यावर इलेक्ट्रिशियनला भरदुपारी त्यावर तळहात धरायला सांगा. काही क्षणांत दिवे लागले आणि हात काढल्यावर विझले, तरच पैसे द्या.

तुमच्याकडे मागांवरचा कापूस उडतो आणि उन्हाळ्यात धूळही भरपूर. सेन्सरवर थर बसला की दिवे लवकर लागतात आणि उशिरा विझतात. वीजबिल भरायच्या दिवशी कोरड्या फडक्याने एकदा पुसून घेत जा.

मागच्या फाटकापाशी वायर गेलेली नाही असं तुम्ही लिहिलंय. तिथे एक सौर दिवा जरूर घ्या. चर खोदून केबल टाकण्यापेक्षा तो स्वस्त पडेल.