नावे, जमा आणि पुढची वाट : अकाउंट्सच्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रवेशाच्या दिवसांत आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न येथे घेतले आहेत. काही प्रश्न थोडे छाटले आहेत, पण विचारण्याचा सूर तसाच ठेवला आहे.

बारावी कॉमर्सला चांगले गुण आहेत आणि मला अकाउंट्समध्येच पुढे जायचे आहे. मामा म्हणतात बीबीए कर, आई म्हणते बी.कॉम. कर. कोणाचे ऐकू? (होटगी रोड)

अकाउंट्स नक्की असेल तर आईचे ऐक. बीबीएत लेखांकनाचे मोजकेच विषय असतात. बाकीचा वेळ मार्केटिंग, मनुष्यबळ, संघटन यांना जातो. ज्याला पुढे एमबीए करायचे आहे किंवा घरचा धंदा हाती घ्यायचा आहे, त्याला ते शिक्षण उपयोगाचे आहे. बी.कॉम.मध्ये मात्र वित्तीय लेखांकन, कॉस्टिंग, ऑडिट आणि कर यांच्याशी वर्षानुवर्षे झटापट होते आणि हात तिथेच बसतो. २०२४ पासून बीबीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आले आहे आणि आपल्या राज्यात त्याच्या प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली, हेही मामांना सांग. अनुदानित महाविद्यालयात बी.कॉम.ची फी बरीच कमी पडते. वाचलेले पैसे पुढच्या व्यावसायिक परीक्षांसाठी बाजूला ठेव.

मी सायन्समधून बी.कॉम.ला आलो. नावे-जमाचे (डेबिट-क्रेडिटचे) तिन्ही नियम पाठ आहेत, तरी पेपरात हात थांबतो. बँकेत पैसे भरले की पासबुकात ‘जमा’ दिसते आणि सर म्हणतात बँक खाते नावे टाका. खरे काय? (जुळे सोलापूर)

दोन्ही खरे आहे, आणि तुझ्या शंकेतच सगळा विषय आला. पासबुक तुझी वही नव्हे. बँकेच्या वहीत तुझे जे खाते आहे, त्याचा तो उतारा आहे. तू दहा हजार भरलेस म्हणजे बँक तुझे दहा हजार देणे लागते, म्हणून तिच्या वहीत ते तुझ्या नावावर जमा. तुझ्या वहीत तीच रक्कम येणे आहे, म्हणून बँक खाते नावे. व्यवहार एक, वह्या दोन. नोंद करण्याआधी आपण कोणाच्या वहीत बसलो आहोत हे विचारायची सवय लाव.

तीन नियम (घेणारा नावे, देणारा जमा; येते ते नावे, जाते ते जमा; खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा) विसरू नकोस, पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नकोस. मालमत्ता म्हणजे देणी अधिक भांडवल, हे समीकरण डोळ्यांसमोर धर. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याने एक लाखाचे सूत उधारीवर घेतले. सूत आले, तितकेच देणे वाढले. म्हणून खरेदी नावे, सूत व्यापारी जमा. महिन्याने त्याला चाळीस हजार बँकेतून दिले. देणे घटले, बँकेतली शिल्लक घटली. म्हणून व्यापारी नावे, बँक जमा. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात ही द्विनोंदी पद्धत मांडली. तिचा पाया आजही तोच आहे. घरातली किंवा ओळखीच्या दुकानातली आठवडाभराची खरी बिले मागून घे आणि त्यांवरून कीर्द (रोजची नोंदवही) लिही. पुस्तकातल्या वाक्यांपेक्षा बिलावर व्यवहार लवकर दिसतो.

परीक्षेत तेरीज (ट्रायल बॅलन्स, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे-जमा शिलकांची यादी) जुळत नाही. अर्धा तास शोधण्यात जातो आणि शेवटी सस्पेन्स खाते (फरक तात्पुरता ठेवायचे खाते) टाकून मोकळी होते. फरक शोधायची काही रीत आहे का? (विजापूर रोड)

आहे, आणि ती ऑफिसातही रोज वापरतात. आधी फरकाचा आकडा लिही. तेवढ्याच रकमेची एखादी शिल्लक उतरवायची राहिली आहे का पाहा. मग त्याचा निम्मा कर. फरक ४,६०० असेल तर २,३०० चा आकडा शोध, तो चुकीच्या बाजूला बसलेला असू शकतो. फरकाला नऊने भाग जात असेल तर अंक उलटे पडल्याचा संशय घे. ५,४०० च्या जागी ४,५०० लिहिले तर फरक ९०० येतो. शून्य गळाले तरी नऊने भाग जातो. ४५,००० चे ४,५०० झाले तर फरक ४०,५०० येतो. एवढे करून सापडले नाही तर पुढचा प्रश्न घे, कारण टिपांना आणि पायऱ्यांनाही गुण असतात.

आता जास्त महत्त्वाचे. तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर आला, असे समजू नकोस. एखादे बिल नोंदवायचेच राहिले तरी ती जुळते. भाड्याची रक्कम पगारात गेली तरी जुळते. मागाच्या दुरुस्तीचा खर्च यंत्रसामग्री खात्यात टाकला तरी जुळते, पण नफा खोटा फुगतो आणि त्यावर करही भरावा लागतो. अशा चुका बेरजेला सापडत नाहीत. त्या पकडायच्या तर बिल हातात घेऊन नोंदीशी ताडून पाहावे लागते.

आमचे यंत्रमाग आहेत. मी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे. बाबा म्हणतात, ‘तुमच्या कागदावर नफा दिसतो, गल्ल्यात पैसा नाही, मग त्या ताळेबंदाचा उपयोग काय?’ त्यांना काय सांगू? (अशोक चौक)

बाबा अगदी नेमके विचारत आहेत. त्यांच्याशेजारी बसून हे मांड. समजा वर्षात आठ लाखांचे सूत रोखीने घेतले, त्यातले सहा लाखांचे वापरले. मजुरी आणि वीज दोन लाख, तीही दिली. दहा लाखांचा माल विकला, पण हाती आले पाच लाख. नफा : दहातून सहा आणि दोन वजा, म्हणजे दोन लाख. रोकड : पाच आले, दहा गेले, म्हणजे पाच लाखांची तूट. नफा खोटा नाही आणि बाबाही चुकत नाहीत. पाच लाख पेठेतल्या उधारीत आणि दोन लाख गोदामातल्या सुतात अडकले आहेत. ताळेबंदात येणी आणि शिल्लक माल या दोन ओळी दाखव, त्यांना पैसा कुठे आहे ते लगेच दिसेल. उधारी नव्वद दिवसांची आणि सूतवाला मात्र रोखीने मागतो, हे घराघरातले दुखणे आहे. ते आधी कळावे म्हणूनच रोकड प्रवाह पत्रक शिकवतात. माझ्या मते पदवीच्या तीन वर्षांत ते सर्वांत जीव लावून शिकावे.

आणखी एक काम कर. ‘उद्यम’ नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का पाहा. असेल आणि उद्योग सूक्ष्म किंवा लघु गटात मोडत असेल, तर खरेदीदाराने लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, करार असल्यास त्यातल्या मुदतीत पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. २००६ च्या एमएसएमई कायद्याने उशिरावर रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या ‘बँक दरा’च्या तिप्पट, मासिक चक्रवाढीने व्याज लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही तरतूद आली : मुदत टाळून पुढच्या वर्षात पैसे दिले, तर खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट पैसे देण्याच्या वर्षीच मिळते. जुन्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवणे सोपे नाही, हे मला ठाऊक आहे. पण मार्चच्या आधी खातेउतारा आणि उद्यम प्रमाणपत्र पाठवण्यात कोणाचा मान दुखावत नाही.

मुलगी सीए फाउंडेशनला (सीएच्या पहिल्या परीक्षेला) दोनदा नापास झाली. बी.कॉम. चालू आहे. नातेवाईक म्हणतात नाद सोडा. टॅली (हिशेबाचे सॉफ्टवेअर) शिकून नोकरी धरावी का? आता तर म्हणे संगणकच नोंदी करणार. (अक्कलकोट)

नातेवाइकांचे मत नंतर घ्या, आधी तिच्यासोबत गुणपत्रिका बघा. चार पेपर, प्रत्येकी किमान ४० टक्के आणि एकूण ५० टक्के लागतात. गणित-संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र हे पेपर बहुपर्यायी आहेत आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. अंदाजाने गोळे काळे करणारी अनेक मुले तिथेच अडतात. अकाउंट्स आणि कायद्यात ती पास होत असेल, तर हा नाद सोडण्याचा विषयच नाही. कॉमर्स पदवीला ५५ टक्के मिळाले की फाउंडेशनशिवाय थेट पुढच्या पातळीला, इंटरमीजिएटला नोंदणी होते. म्हणजे या घडीला तिचे बी.कॉम.चे गुणच सर्वांत मोलाचे आहेत. इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप सुटले की दोन वर्षांची आर्टिकलशिप (सीएच्या हाताखाली प्रत्यक्ष प्रशिक्षण).

आपल्या सोलापूर जिल्ह्यात पतसंस्था आणि साखर कारखाने भरपूर, तेव्हा पदवीनंतरची जी.डी.सी. अँड ए. ही सहकार खात्याची परीक्षाही तिच्या कानावर घाला. सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणाचा रस्ता तिथून जातो.

टॅली जरूर शिकावी, पण पदवी सोडून नको. बिलावरचा आकडा यंत्र वाचेल. रंगाईला पाठवलेले सूत ही विक्री आहे की जॉबवर्क (माल आपलाच, दुसऱ्याकडून फक्त काम करून घेणे), हे माणसालाच ठरवावे लागते. जॉबवर्क असेल तर ते सूत कारखानदाराच्याच शिल्लक मालात धरायचे आणि जीएसटी कायद्याप्रमाणे वर्षाच्या आत परत आले का तेही पाहायचे. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे बंधनकारक आहे, त्यामुळे चुकलेली नोंद गुपचूप पुसता येत नाही. तिला सुट्टीत एखाद्या कर सल्लागाराच्या ऑफिसात बसू द्या. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचे जीएसटी विवरणपत्र) आणि २० तारखेला ३बी (कर भरण्याचे विवरणपत्र) भरताना तिथे काय धांदल असते ते तिने स्वतः पाहावे, आणि मग तिचे तिला ठरवू द्या.