पंखा फिरतो, स्क्रीन काळीच

प्रश्न : दादा, नमस्कार. चवथीला आम्ही गावच्या घरी गेलो होतो, आठ दिवस फ्लॅट बंद. आल्यावर पीसी चालू केला तर पंखे फिरतात, लाईट लागते, पण मॉनिटरवर फक्त 'नो सिग्नल'. दुकानात दहा मिनिटांत सांगितलं, मदरबोर्ड गेला, तसा बोर्ड आता मिळत नाही, प्रोसेसर-रॅमसकट सगळंच नवीन घ्या. सहा वर्षांचा पीसी आहे. खरंच बोर्डच गेला असेल का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : गेला असेलही, पण दहा मिनिटांत मी तरी असं बोलणार नाही. बोर्ड हा सगळ्यात शेवटी संशय घ्यायचा पार्ट, कारण तो थेट तपासता येत नाही, बाकीचे निर्दोष ठरले की मगच त्याच्यावर यायचं.

आधी साधी गोष्ट, कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याची लाईट लागत-विझत असेल तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम जिवंत आहेत आणि गडबड डिस्प्लेच्या बाजूला आहे, म्हणजे केबल, मॉनिटर नाहीतर ग्राफिक्स कार्ड. कार्ड असेल तर केबल कार्डलाच लावलीय ना बघा, साफसफाई करताना ती बोर्डच्या पोर्टला लावणारे मी खूप पाहिलेत.

लाईट हलतच नसेल तर रॅम. तुम्ही आठ दिवस बंद म्हणालात तिथेच माझा संशय गेला, आपल्याकडे पावसात बंद घरात बुरशी चपलांनाही सोडत नाही, तर रॅमच्या कॉन्टॅक्टना काय सोडणार. वायर भिंतीतून काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून ठेवा, केसच्या उघड्या पत्र्याला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक उतरेल, मग रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर शाळेचा पांढरा खोडरबर हळू फिरवा आणि भुसा नीट झाडा. (समईसारखी चिंच लावू नका, हसू नका, मला एकाने विचारलंय.) दोन रॅम असतील तर एकेकच लावून बघा, स्लॉटही बदलून बघा. दोन वर्षांपूर्वी माझाच पीसी असा बसला तेव्हा मी घाईत नवीन एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणला, आणि शेवटी काम झालं पाच रुपयांच्या रबराने. ते एसएमपीएस अजून कपाटात आहे.

तरीही काळीच? सगळी रॅम काढून चालू करा. बोर्डवर छोटा स्पीकर असेल आणि तो बीप करत ओरडला तर बोर्ड नि प्रोसेसर रॅम शोधतायत, म्हणजे जिवंत आहेत. स्पीकर नसेल तर स्वस्तात मिळतो, लावून बघा. गप्प राहिला तर एसएमपीएस बघा. पंखा फिरतो म्हणून ते ठीक आहे असं समजू नका, पंख्याला चालायला फार काही लागत नाही. मल्टिमीटर असेल तर पीसी चालू असताना पिवळ्या वायरवर 11.4 ते 12.6 व्होल्ट आणि लालवर 4.75 ते 5.25 मिळायला हवेत. त्याच्या बाहेर गेलं तर एसएमपीएस बदला, पण त्याचा डबा कधी उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. ओळखीच्या कुणाकडे चांगलं एसएमपीएस असेल तर तासभर उसनं आणून लावा, मीटरपेक्षा ते बरं.

एवढं करून गप्पच असेल तर बोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे छोटे उभे गोल डबे, बघा, डोकं फुगलेलं किंवा वर तपकिरी पाझरलेलं दिसलं तर दुकानदार खरं बोलत होता.

प्रश्न : माझ्या पीसीत रोज सकाळी तारीख जुनी दाखवते, एफ-वन दाबायला सांगते. हार्डडिस्क जाणार का? (वास्को)

उत्तर : नाही हो. बोर्डवरचा गोल सेल उतरलाय, सीआर 2032, 3 व्होल्टचा. बदलून बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, तारीख घाला. रात्री भिंतीचं बटण बंद करता ना? मग सेलवरच घड्याळ चालतं, म्हणून तो लवकर जातो.