पगार नाही, कमिशन पाऊण टक्का: सही करू का?

चिंचवडच्या एका वाचकांचं पत्र आलंय. दुचाकींच्या शोरूममध्ये विक्रीचं काम करतात, हातात बावीस हजार पडतात. वाकडच्या एका रिअल इस्टेट मार्केटिंग कंपनीने त्यांना ‘सेल्स असोसिएट’ म्हणून बोलावलंय. पगार शून्य, विकलेल्या प्रत्येक फ्लॅटच्या करारमूल्यावर पाऊण टक्का कमिशन. सोमवारपर्यंत सही करून द्यायची आहे, तर घेऊ का नोकरी, असा प्रश्न. पत्राच्या अगदी शेवटी दोन ओळी आहेत. गेल्या वर्षी सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या एका फर्मसाठी काम केलं, दोन फ्लॅट गेले, पैसे अजून आले नाहीत, लेखी काहीच नाही.

कुणी सोलर पॅनेल विकतं, कुणी प्लॉट, कुणी क्लासचे कोर्स, पण या धर्तीची पत्रं मला सतत येतात आणि जवळजवळ सगळे सही करून झाल्यावर लिहितात. तुम्ही सहीआधी लिहिलंत आणि ऑफर लेटरच्या सगळ्या पानांचे फोटो जोडलेत, हे फार चांगलं केलंत. कमिशनचं उत्पन्न दर महिन्याला सारखं नसतं आणि घराचा हप्ता थांबत नाही, हे तुम्हाला माझ्याकडून कळायला नको. मी सरळ कलम अकराकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

कलम अकरा म्हणतं: “ग्राहकाकडून किमान वीस टक्के रक्कम विकासकास प्राप्त झाल्यावर व विकासकाकडून कंपनीस दलाली प्राप्त झाल्यावर, वितरणाच्या दिवशी असोसिएट कंपनीत कार्यरत असल्यासच कमिशन देय होईल. याबाबत कंपनीचा निर्णय अंतिम राहील.”

तुम्ही पत्रात टक्केवारीबद्दल सहा ओळी लिहिल्या आहेत आणि या कलमाबद्दल एकही नाही. पाऊण टक्क्याचा एक टक्का करून घ्यायला तुम्ही दोनदा वाकडला जाऊन आलात. ती शक्ती चुकीच्या जागी गेली. टक्का किती हा पुढचा प्रश्न आहे. पैसा तुमचा कधी होतो, हा पहिला.

एक फ्लॅट घेऊन बघू. ऐंशी लाखांचा. जुलैमध्ये तुम्ही ग्राहक आणलात, साइट दाखवली, कॉस्ट शीट काढून दिली, लाखभराच्या चेकवर बुकिंग झालं. रेराच्या, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याच्या, कलम १३ प्रमाणे विक्रीचा करारनामा नोंदवल्याशिवाय विकासकाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. म्हणजे तुमच्या कलमातले वीस टक्के करारनाम्याआधी येऊच शकत नाहीत. ग्राहक म्हणतो गणपती होऊ द्या. मग पितृपंधरवडा येतो, त्यात कुणी घराच्या कागदावर सही करत नाही. दसऱ्याला करारनामा नोंदला जातो. बँक दिवाळीनंतर पहिला हप्ता सोडते. विकासक तुमच्या कंपनीचं बिल साठ दिवसांनी काढतो, तोवर जानेवारी संपत येतो. कंपनी पुढच्या महिन्याच्या वाटपात तुमचं नाव घालते. जुलैच्या कामाचे साठ हजार फेब्रुवारीत येतात, त्यातून कमिशनवरचा टीडीएस दोन टक्के, म्हणजे बाराशे, कापले जातात. या सात महिन्यांत पेट्रोल, फोन आणि ग्राहकाला घेऊन हिंजवडी-ताथवडे फिरणं यावर महिन्याला आठ हजार धरले तरी छप्पन्न हजार तुमच्या खिशातून गेलेले असतात.

आता कलम सतरा बघा. दोन्ही बाजूंना सात दिवसांची नोटीस देऊन करार संपवता येतो. कलम अकरा आणि कलम सतरा एकत्र वाचा. डिसेंबरात कंपनीने तुम्हाला सात दिवसांची नोटीस दिली, तर जुलैचा फ्लॅट, ऑगस्टचा फ्लॅट, दसऱ्याला झालेली दोन बुकिंगं, सगळ्यांचं कमिशन गेलं. फ्लॅट विकले गेले, कंपनीला दलाली मिळाली, फक्त वाटपाच्या दिवशी तुम्ही तिथे नव्हता. कंपनी असं करेलच असं मी म्हणत नाही. कागदाने तिला तसं करायची मोकळीक दिली आहे, एवढं मला दिसतं.

यावर लोक विचारतात, कायदा काहीच म्हणत नाही का? म्हणतो, पण कागदाच्या मागे उभा राहून म्हणतो. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २१९: वेगळा करार नसेल, तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावर देय होतो. यातले सुरुवातीचे तीन शब्द तुमच्या विरोधात जातात, कारण तुमचं कलम अकरा हाच तो वेगळा करार. लेटरमध्ये यावर काहीही लिहिलेलं नसतं, तर मी तुमच्या बाजूने जास्त जोराने बोलू शकलो असतो.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक ताई आल्या होत्या, एका मोठ्या प्रकल्पावर क्लोजिंगचं, म्हणजे ग्राहकाचं बुकिंग पक्कं करण्याचं, काम केलेल्या. दोनशे पानी वही घेऊन आल्या. प्रत्येक ओळीत तारीख, ग्राहकाचं आडनाव, फ्लॅट क्रमांक, तो वॉक-इन, म्हणजे स्वतःहून आलेला होता, की चॅनेल पार्टनरकडून, म्हणजे बाहेरच्या दलालाकडून आला, कोणत्या दिवशी टॅगिंग झालं, म्हणजे तो त्यांच्या नावावर लागला, आणि समोर साइट व्हिजिट फॉर्मच्या फोटोचा क्रमांक. इतका चोख पुरावा मी कमिशनच्या प्रकरणात दुसरा पाहिलेला नाही. बाळंतपणासाठी त्यांनी काम सोडलं तेव्हा पाच बुकिंगांचं कमिशन बाकी होतं. त्यांच्या कागदातही असंच वाक्य होतं. नोटिसा गेल्या, दोन बैठका झाल्या, आणि शेवटी तीन फ्लॅटचे पैसे मिळाले, कारण त्या तीन फ्लॅटची दलाली ताई कामावर असतानाच कंपनीकडे आलेली होती आणि वाटप मुद्दाम लांबवल्याचं आम्हाला दाखवता आलं. उरलेल्या दोनवर पाणी सोडावं लागलं. वही उत्तम होती, कलम वाईट होतं. त्या दिवशी त्यांनी वही मिटून पिशवीत ठेवली, ते मला अजून आठवतं.

म्हणून कलम अकराच्या जागी हे मागा, आणि शब्द हेच ठेवा: “असोसिएटच्या नावे टॅग झालेल्या ग्राहकाचा करारनामा नोंदणीकृत झाल्याच्या दिवशी त्या सदनिकेचे कमिशन असोसिएटने मिळवले असे समजले जाईल. ते करारनाम्यापासून नव्वद दिवसांच्या आत अदा केले जाईल. करार कोणत्याही कारणाने संपुष्टात आला तरी मिळवलेले कमिशन देणे कंपनीवर बंधनकारक राहील.” ग्राहकाने करारनामा रद्द केला तर कमिशन परत, ही अट त्यांनी घातली तर मान्य करा, ती रास्त आहे. पण तिला मुदत हवी, सहा महिन्यांची वगैरे. पझेशनपर्यंत टांगती तलवार नको. “कंपनीचा निर्णय अंतिम” हे वाक्य काढायला सांगा. नाही काढलं तरी त्याने दिवाणी न्यायालयाचं दार बंद होत नाही, पण ते असलं की समोरचा वकील त्यावर वर्षभर बोलत राहतो.

एचआर सांगेल की पॉलिसी सगळ्यांना एकच आहे, बदलता येत नाही. मग बदल लेटरमध्ये न करता वेगळ्या ईमेलने कळवा म्हणावं, कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून, संचालकाच्या नावाने. तेही नको म्हणाले तर माझं उत्तर स्पष्ट आहे: सही करू नका आणि शोरूमचा राजीनामा तर अजिबात देऊ नका. सोमवारची मुदत मनावर घेऊ नका. ज्या कंपनीला विकणारा माणूस हवा आहे आणि जिला पगारही द्यायचा नाही, ती आठ दिवस थांबते.

कलम बदलून मिळालं, तरी पहिले सहा महिने पंधरा हजारांची उचल मागा, जी पुढच्या कमिशनमधून वळती होईल. ‘वळती होईल’ हे लिहून घ्या आणि ‘काम सोडल्यास परत करावी लागेल’ हे लिहू देऊ नका.

बाकी मुद्द्यांवर मी इतकं ठामपणे बोलणार नाही. लेटरमध्ये तुम्ही कर्मचारी नाही, स्वतंत्र असोसिएट आहात, असं लिहिलंय. त्याच लेटरमध्ये सकाळी दहा ते सात हजेरी, मंगळवारी सुट्टी आणि कंपनीचा शर्ट सक्तीचा आहे. एवढं नियंत्रण असेल तर नुसत्या नावाने नातं ठरत नाही, असं मांडता येतं. तुम्ही कर्मचारी ठरलात तर शून्य पगार किमान वेतनाच्या नियमात बसणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेच्या व्याख्येत कमिशन वेतनातून वगळलंय, पण वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेल्या तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असंही तिथेच म्हटलंय. निव्वळ कमिशनवर काम करणाऱ्याला हे कसं लागू होईल, याचे निकाल यायचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींना औद्योगिक विवाद कायद्याखालचे कामगार मानलं नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं. हा लढा लढता येईल. त्यावर विसंबून सही मात्र करू नका.

याच ‘स्वतंत्र’ शब्दाची दुसरी बाजू जास्त तातडीची आहे. कमिशन घेऊन सदनिकेचा व्यवहार जुळवणारा माणूस रेराच्या व्याख्येत एजंट ठरतो, आणि कलम ९ प्रमाणे नोंदणीशिवाय त्याला नोंदणीकृत प्रकल्पातली विक्री जुळवता येत नाही. मोडलं तर कलम ६२ खाली दिवसाला दहा हजार रुपये, सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत. महारेराने, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाने, एजंटांना परीक्षा आणि प्रमाणपत्रही सक्तीचं केलंय. कंपनीचा महारेरा नोंदणी क्रमांक मागा, तो संकेतस्थळावर तपासा, आणि तुम्ही त्या नोंदणीखाली काम करणार की स्वतःची नोंदणी करायची, हे लेखी विचारा. पहिला ग्राहक साइटवर नेण्याआधी हे व्हायला हवं. उद्या नोंदणी नाही म्हणून तुमचं कमिशन नाकारायला कंपनीलाच आयतं कारण मिळेल.

लेटरमधल्या दोन वर्षं स्पर्धक कंपनीत काम न करण्याच्या अटीला घाबरू नका. काम सोडल्यानंतरची अशी बंदी करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. ग्राहकांची यादी घेऊन जाणं वेगळं, ते करू नका. वर्षाच्या आत सोडलं तर पन्नास हजार दंड, या अटीवर न्यायालय वाजवी नुकसानीपुरतंच बघतं. पण सुरक्षा म्हणून सही केलेला कोरा चेक मागितलाय, तो देऊ नका. तो वटला नाही तर चेक बाउन्सचा खटला तुमच्यावर येईल आणि मूळ वाद बाजूला राहील. मूळ मार्कशीटही देऊ नका, झेरॉक्स द्या.

आता गेल्या वर्षीचे दोन फ्लॅट. इथे मला राग आला, तो लपवत नाही. पुण्यात व्यवहार जुळवणारा माणूस ग्राहकाला प्रत्येक कागदावर सही करायला सांगतो आणि स्वतःच्या पैशाचा एक कागद करत नाही. वर तुम्ही चौदा महिने ‘सर, काही अपडेट?’ एवढंच व्हॉट्सअॅपवर लिहीत राहिलात. तसल्या मेसेजने मुदत थांबत नाही. वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षं असतात, आणि ती तुम्ही काम केल्यापासून मोजली जातील असंच धरून चला. दावा लावल्यावर किती वर्षं जातील, ते मी सांगू शकत नाही. लाख-सव्वा लाखाच्या वसुलीत साक्षीची तारीख येईपर्यंत पक्षकार नोकऱ्या बदलतात, गाव बदलतात. तुमची महारेरा नोंदणी नव्हती, हा मुद्दाही समोरून येईल. म्हणून दाव्याआधी तडजोडीसाठी दाब तयार करा.

त्यासाठी एक काम याच आठवड्यात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये त्या दोन्ही करारनाम्यांच्या सूची क्रमांक दोन, म्हणजे इंडेक्स टू हे नोंदणीचे उतारे, शोधा. करारमूल्य आणि नोंदणीची तारीख तिथे दिसेल. व्हॉट्सअॅपवरचं संभाषण एक्स्पोर्ट करून ठेवा, फोन बदलू नका. टक्का ठरल्याचा मेसेज सापडतो का, आणि त्या दोन ग्राहकांना घेऊन गेलात त्या दिवसाचे साइटवरचे फोटो, लोकेशन, फॉर्म काही आहे का, ते बघा. हे सगळं घेऊन जवळच्या वकिलाकडून रक्कम, तारीख आणि फ्लॅट क्रमांक घालून स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. मार्केटिंग फर्म विकासकाच्या कानावर अशी गोष्ट जाऊ देत नाहीत, त्यामुळे फोन येण्याची शक्यता बरी आहे. फोन आला तर तोंडी काही मान्य करू नका, ईमेल करा म्हणावं.