१७-ओएचपीचा नमुना दुपारी दिला असेल, तर त्या ‘नॉर्मल’वर थांबू नका

हनुवटीवर आणि पोटावर राठ केस, दोन-दोन महिने लांबणारी पाळी, मर्यादेच्या किंचित वर असलेले टेस्टोस्टेरॉन आणि ‘१७-ओएचपी (१७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे हार्मोन) नॉर्मल आहे, म्हणजे पीसीओएसच (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम)’ असा निष्कर्ष; तो बरोबर आहे का, हा तुमचा प्रश्न वाचताना माझीच जुनी फाइल कोणीतरी समोर ठेवल्यासारखे वाटले. रक्त घ्यायला लॅबचा माणूस दुपारी साडेतीनला घरी आला होता, हे तुम्ही ओघात लिहून गेलात. माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे एका रुग्णाचे मत समजून वाचावे.

पीसीओएसची ओळख करून देत बसत नाही. मात्र थायरॉईडचा बिघाड, प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढणे आणि नॉन-क्लासिक सीएएच (कंजेनिटल अॅड्रिनल हायपरप्लेसिया या जन्मजात आजाराचा सौम्य प्रकार) ही कारणे बाजूला सारल्यावरच ते निदान पक्के धरायचे असते. सीएएचमध्ये मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथीतील २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाइम जन्मतःच कमी पडते, त्यामुळे १७-ओएचपी साठत जाते आणि त्याचा ओघ पुरुषी हार्मोन्सकडे वळतो. हे १७-ओएचपी पहाटेच्या सुमारास सर्वाधिक असते आणि दिवस चढेल तसे उतरते, म्हणून आजार असलेल्या बाईचाही दुपारचा आकडा निर्दोष दिसू शकतो.

माझी चूक नेमकी हीच. रक्तसंकलन केंद्रात फोन केला, तेव्हा ‘उपाशी राहायला नको, कधीही या’ असे उत्तर मिळाले आणि मी ऑफिस सुटल्यावर साडेपाचला गेले. आकडा आला १.३. नमुन्याची वेळ रिपोर्टच्या कोपऱ्यात छापलेली होती, पण ती तीन वर्षांत कोणी पाहिली नाही; मीही नाही. पुढे एका एंडोक्राइनोलॉजिस्टनी (हार्मोनतज्ज्ञांनी) पहिलाच प्रश्न ‘रक्त किती वाजता दिले होते?’ असा विचारला. पाळीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आठला पुन्हा नमुना दिला, तेव्हा आकडा ४.८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर निघाला. सहसा २ च्या खाली असेल तर हा आजार नाही असे धरतात, वर असेल तर एसीटीएचचे (अॅड्रिनलला चालना देणाऱ्या हार्मोनचे) २५० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन देऊन तासाभराने पुन्हा मोजतात आणि तेव्हा १० च्या वर गेल्यास निदान होते. माझा आकडा १९ होता. त्या केंद्रात जाऊन, निदान या तपासणीपुरती तरी वेळ सांगत जा, अशी विनंती केली, तर ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वेळ लिहिलेली नव्हती’ एवढेच ऐकवण्यात आले. चिठ्ठीवर ती खरोखरच नव्हती, हे त्याहून वाईट.

उपचारांच्या बाबतीत माझे फार बिघडले नाही, कारण गर्भनिरोधक गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन (पुरुषी हार्मोन्सचा परिणाम रोखणारे औषध) दोन्ही आजारांत देतात. धास्ती होती ती वेगळीच: आम्ही मूल होऊ देण्याच्या तयारीत होतो. अशा बऱ्याच स्त्रियांमध्ये या आजाराच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत तीव्र स्वरूपाचा दोष असतो, आणि नवराही वाहक निघाला तर बाळाला सीएएचचा गंभीर प्रकार होऊ शकतो. यांची जनुकीय तपासणी होऊन अहवाल हाती येईपर्यंतचे दिवस कसे काढले, ते आम्हालाच ठाऊक.

तुम्हाला बहुधा पीसीओएसच असेल, कारण प्रमाणाने तेच कितीतरी अधिक आढळते. पण मी तुमच्या जागी असते, तर पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत सकाळी आठच्या आत पुन्हा रक्त दिले असते. चक्राच्या उत्तरार्धात बीजकोषामुळेही १७-ओएचपी वाढते, तेव्हा पाळी येतच नसेल तर सोबत प्रोजेस्टेरॉनही पाहायला डॉक्टरांना सांगा, म्हणजे नमुना त्या काळातला आहे का ते कळेल. टेस्टोस्टेरॉनही पुन्हा करणार असाल आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, तर त्या निदान तीन महिने बंद असाव्या लागतात; मात्र हे डॉक्टरांना विचारून आणि गर्भधारणा टाळण्याची दुसरी सोय करूनच. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तेही लॅबला सांगा, त्याने काही पद्धतींत टेस्टोस्टेरॉन खोटेच जास्त दिसते. आणि नवा आकडा वाढलेला आला, तरी कोणी लगेच स्टेरॉइड लिहून दिले तर कारण विचारल्याशिवाय सुरू करू नका. प्रत्येकीला त्याची गरज नसते. आवाज घोगरा होऊ लागला किंवा केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, तर मात्र पुढच्या पाळीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.